ग्राहकाच्या प्रश्नांपासून गूगलपर्यंत: खानदेशातल्या नव्या वेबसाइटधारकांसाठी एसईओ आणि ईमेल

रावेर-यावलकडचे केळीचे वेफर्स, भुसावळ-जळगावच्या बचत गटांचे उडदाचे पापड, नंदुरबारची मिरची, शिरपूर-शहाद्यातली ठिबक आणि बियाण्यांची दुकानं, धुळ्यातले क्लासेस. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत अशा छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट आता होऊ लागल्या आहेत, आणि त्यांच्या मालकांची तक्रार जवळजवळ एकच असते: "साइट केली, पैसे गेले, पण तिच्यावरून एक फोन येत नाही."

अशी साइट उघडली की कारण बहुधा पहिल्याच पानावर सापडतं. तिथे "गुणवत्ता हीच आमची ओळख" असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. ग्राहक मात्र गूगलवर टाइप करत असतो, "बिबडे घरपोच पुणे" (बिबडे म्हणजे ज्वारीचे पापड). या दोन वाक्यांची कुठे गाठच पडत नाही. शोधात वर येणं म्हणजे एसईओ, आणि त्याचं निम्म्याहून जास्त काम ही गाठ घालून देण्याचं आहे. ईमेलचंही तेच. म्हणून या लेखात दोन्ही विषय एकत्र घेतले आहेत, कारण दोन्हींचा कच्चा माल एकच आहे: ग्राहकाने विचारलेला प्रश्न.

आधी एक वही

संगणक उघडण्याआधी एक वही घ्या. पुढचे काही आठवडे फोनवर, व्हॉट्सॲपवर आणि गल्ल्यावर जो जो प्रश्न येईल तो ग्राहकाच्याच शब्दांत लिहून ठेवा. स्वतःच्या भाषेत सुधारून लिहू नका. "सर्व्हिस एरिया" लिहू नका, "पुण्याले पाठवतस का" असं विचारलं असेल तर तसंच लिहा.

समजा, तुमचा भुसावळला पापड-बिबड्यांचा घरगुती व्यवसाय आहे. वहीत साधारण असे प्रश्न जमतील:

"बिबडे निव्वळ ज्वारीचे ना? तांदूळ मिसळत नाही ना?"
"लसूण घातलेला असतो का? आमच्याकडे चातुर्मास पाळतात."
"किलोत किती बसतात?"
"कुरियरमध्ये चुरा झाला तर?"
"सुरतला पाठवता का, खर्च किती?"
"रुखवतासाठी छोटे करून मिळतील का?"

ही यादी म्हणजेच तुमचे कीवर्ड, म्हणजे लोक शोधताना टाइप करतात ते शब्द. एखाद्या एजन्सीने हजारो रुपये घेऊन दिलेल्या यादीपेक्षा ती जास्त खरी आहे, कारण हे प्रश्न विचारणारी माणसं खिशात पैसे घेऊन आलेली आहेत.

आता ती यादी गूगलवर ताडून पाहा. शोधपट्टीत "ज्वारीचे बिबडे" एवढंच टाइप करा आणि खाली कोणत्या सूचना उमटतात ते बघा. निकालांच्या मध्ये "लोक हेही विचारतात" असा चौकोन दिसला तर त्यातले प्रश्नही वहीत उतरवा. गूगल ट्रेंड्स फुकट आहे. तिथे महाराष्ट्र निवडून कोणता शब्द कोणत्या महिन्यात चढतो ते पाहता येतं. विकतच्या साधनांच्या मागे सुरुवातीला लागू नका. मराठीतल्या, त्यातही एका तालुक्यापुरत्या शब्दांची आकडेवारी तिथे फार तुटपुंजी असते.

एकाच वस्तूला लोक वेगवेगळ्या नावांनी शोधतात हे लक्षात घ्या. कुणी बिबडे म्हणतं, कुणी बिबड्या, कुणी ज्वारीचे पापड. बरेच जण मराठी शब्दच इंग्रजी अक्षरांत टाइप करतात. ही सगळी रूपं पानावर एकेकदा सहज वाक्यात आली की पुरे. तोच शब्द वीस वेळा कोंबून काही मिळत नाही, उलट वाचणारा वैतागतो आणि गूगलच्या नियमांतही ते बसत नाही.

चाव्या कुणाकडे आहेत?

हे काम पाच मिनिटांचं आहे, पण ते न केल्याने छोट्या गावांत सर्वाधिक नुकसान होतं. साइट बनवून देणारा मुलगा डोमेन (साइटचं इंटरनेटवरचं नाव) स्वतःच्या नावाने घेतो, होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) स्वतःच्या खात्यावर टाकतो, आणि वर्षभराने तो नोकरीसाठी पुण्याला गेला की साइट बंद पडते. त्याच्या मनात खोट असतेच असं नाही. तरीही डोमेन तुमच्या नावावर, तुमच्या ईमेलवर आणि तुमच्या मोबाइल नंबरवर नोंदवलेलं हवं. होस्टिंगचं लॉगिन तुमच्याकडे हवं. गूगल सर्च कन्सोल (शोधातली साइटची कामगिरी दाखवणारं साधन) आणि गूगल बिझनेस प्रोफाइल (नकाशावरची व्यवसायाची नोंद) यांचे मुख्य मालक तुम्ही, आणि त्या मुलाला फक्त व्यवस्थापक म्हणून प्रवेश. नवीन साइट करत असाल तर पैसे देण्याआधीच हे ठरवून घ्या.

गूगलला तुमची साइट माहीत आहे का?

गूगलचं काम तीन टप्प्यांत चालतं. आधी त्याचा रोबो लिंकवरून लिंकवर जात पानं वाचतो, मग ती आपल्या साठ्यात नोंदवतो, आणि कुणी काही शोधलं की त्या साठ्यातून योग्य वाटणारी पानं क्रमाने दाखवतो. पहिले दोन टप्पे झाले नसतील तर तिसऱ्याची चर्चाच व्यर्थ.

तपासायला सोपं आहे. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीत "site:" असं लिहा आणि जागा न सोडता लगेच तुमचं डोमेन लिहा. काहीच निकाल आले नाहीत तर बहुधा तुमचं एकही पान नोंदलेलं नाही. साइट वर्डप्रेसवर असेल तर सगळ्यात आधी सेटिंग्जमधल्या रीडिंग या भागात जा. तिथे शोधयंत्रांना ही साइट नोंदवू नका असं सांगणारी एक चौकट असते. साइट बनत असताना ती टिक केलेली असते आणि काम संपल्यावर काढायची राहून जाते. ती टिक काढा.

त्यानंतर गूगल सर्च कन्सोल. हे फुकट आहे, आणि मला विचाराल तर नव्या वेबसाइटधारकाला लागणारं सर्वात महत्त्वाचं साधन हेच. तिथे तुमचं डोमेन टाका. मालकी सिद्ध करायला गूगल एक ओळ देतं, ती डोमेनच्या डीएनएस सेटिंगमध्ये (डोमेन जिथून घेतलं तिथल्या खात्यात हा भाग असतो) टीएक्सटी प्रकारची नोंद म्हणून चिकटवायची. मग साइटमॅपचा, म्हणजे साइटवरच्या पानांच्या यादीचा, पत्ता सादर करा. वर्डप्रेस हा साइटमॅप आपोआप तयार करतं. नवं पान टाकलं की त्याचा पत्ता वरच्या तपासणीपट्टीत टाकून नोंदणीची विनंतीही करता येते. पण रोज रोज तीच विनंती करून काम लवकर होत नाही.

इथून पुढे काही आठवड्यांनी कामगिरीच्या अहवालात दिसू लागेल की लोक कोणते शब्द शोधताना तुमचं पान त्यांच्यासमोर आलं, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितवा क्रमांक होता. मागच्या १६ महिन्यांचा हिशोब तिथे राहतो. लेखाच्या शेवटाकडे याचा उपयोग सांगतो.

मराठी मजकूर खरोखर मजकूर आहे का?

ही अडचण इंग्रजी मार्गदर्शकांत सापडत नाही, आणि आपल्याकडे ती घरोघरी आहे. पत्रिका, पॅम्प्लेट, फ्लेक्स हे सगळं गावातल्या डीटीपीवाल्याकडे जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेलं असतं. तोच मजकूर वेबसाइटवर चिकटवला की एकतर अगम्य चिन्हं दिसतात, नाहीतर ते टाळायला सगळं पॅम्प्लेटच चित्र म्हणून चढवलं जातं. दोन्ही प्रकारांत तुमचा मराठी मजकूर शोधात नीट येत नाही. पीडीएफचंही तसंच, आत जुना फॉन्ट असेल तर शोधायला हाती काही लागत नाही.

परीक्षा साधी आहे. मोबाइलवर तुमचं पान उघडा, एखादी ओळ निवडून कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. ओळ जशीच्या तशी मराठीत वाचता आली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या फोन-संगणकांना वाचता येणाऱ्या लिपीत, आहे. निवडताच आली नाही किंवा भलतीच अक्षरं उमटली, तर तो मजकूर नव्याने टाइप करून घ्या. फोनवर बोलून टाइप करण्याची सोय वापरली तर हे काम एका बैठकीत होतं, फक्त ऱ्हस्व-दीर्घ नंतर तपासा.

पानाचा पत्ता मात्र इंग्रजी अक्षरांत आणि छोटा ठेवा. देवनागरी पत्ता गूगलला चालतो, पण तो व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केवारीच्या चिन्हांची लांबलचक शेपटी होते आणि लोक ती पाहून क्लिक करायला कचरतात. देवनागरी डोमेनही मिळतं, २०१४ पासून 'डॉट भारत' उपलब्ध आहे. पण आधी इंग्रजी अक्षरांतलं साधं डोमेन घ्या, देवनागरी डोमेन हे नंतरचं काम आहे.

एका विषयाला एक पान

आता वही पुन्हा उघडा. सारख्या प्रश्नांचे गट करा आणि प्रत्येक गटाला एक पान द्या. बिबड्यांचं एक पान, उडदाच्या पापडांचं दुसरं, घरपोच सेवेचं तिसरं. "आमची उत्पादने" या एकाच पानावर वीस वस्तूंची यादी असेल, तर गूगलने ते पान कोणत्या वस्तूसाठी दाखवायचं?

बिबड्यांचं पान जवळून पाहू. सर्वात आधी टायटल, म्हणजे शोधात दिसणारी निळी ओळ. बहुतेक साइटवर तिथे "मुख्यपृष्ठ" किंवा नुसतं दुकानाचं नाव असतं. त्याऐवजी असं लिहा:

ज्वारीचे बिबडे | भुसावळहून घरपोच पुणे, मुंबई, सुरत

त्याखाली दिसणाऱ्या दोन ओळी म्हणजे मेटा डिस्क्रिप्शन:

लसणाचे आणि बिनलसणाचे, दोन्ही प्रकार. किलोचा दर, कुरियरचा खर्च आणि पोहोचायला लागणारे दिवस इथेच लिहिले आहेत.

डिस्क्रिप्शनमुळे क्रमांक वाढत नाही, पण क्लिक करायचं की नाही हे वाचणारा त्यावरून ठरवतो. मेटा कीवर्ड नावाची जागा मात्र रिकामी सोडा. गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं आहे की क्रमांक ठरवताना ते ती वाचत नाही. अजूनही कुणी "कीवर्ड भरून देतो" म्हणून पैसे मागत असेल तर देऊ नका.

पानाच्या आत वहीतला प्रत्येक प्रश्न उपशीर्षक म्हणून घ्या आणि खाली सरळ उत्तर द्या. दर लिहा. दर लपवून "संपर्क करा" म्हणणाऱ्या पानावरून ग्राहक परत फिरतो. चुरा झाला तर काय करता ते लिहा. अन्नपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ अंकी क्रमांक पानावर ठळक द्या.

आणि मग लिहा ते, जे तुमच्याशिवाय कुणी लिहू शकत नाही. ज्वारी भिजवून आंबवायची, दळायची, मोठ्या पातेल्यात घाटा शिजवायचा, तीळ-जिरं-मिरची घालायची आणि सकाळचं ऊन चढायच्या आत सुती कापडावर थापायचं. घाटा कच्चा राहिला तर बिबडा तळताना फुलत नाही. ज्वारी कुठल्या शिवारातली घेता, कापड का सुतीच लागतं, एप्रिलच्या उन्हात किती वेळात वाळतं? पुण्यात बसून दहा साइट वाचून लेख पाडणाऱ्याला हे माहीत नसतं. गूगलच्या गुणवत्ता-निकषांत डिसेंबर २०२२ मध्ये प्रत्यक्ष अनुभव हा मुद्दा मुद्दाम घातला गेला, तो याच कारणासाठी. गच्चीवर थापणाऱ्या बायकांच्या हातांचा फोटो, त्यांची परवानगी घेऊन, टाका. इंटरनेटवरून उचललेला चकचकीत फोटो नको. फोटोला पर्यायी मजकूर द्यायची जागा असते, तिथे "सुती कापडावर थापलेले ज्वारीचे बिबडे" असं जे दिसतं ते लिहा.

दोन मोह टाळायचे. पहिला, तालुक्यांची पानं. जळगाव जिल्ह्यात १५ तालुके आहेत म्हणून "चोपड्यातले उत्तम पापड", "पारोळ्यातले उत्तम पापड" अशी गावाचं नाव बदलून पंधरा सारखी पानं करून देणारे भेटतात. गूगलच्या धोरणात हा सरळसरळ स्पॅम आहे. एआयकडून शंभर लेख एका रात्रीत काढून टाकणंही त्यातच येतं. मजकूर यंत्राच्या मदतीने लिहिला एवढ्यावरून गूगल हरकत घेत नाही. कुणाच्या उपयोगाचा नसलेला मजकूर निव्वळ क्रमांकासाठी ढिगाने टाकणं, याला हरकत आहे.

दुसरा मोह, जीआयचा, म्हणजे भौगोलिक मानांकनाचा. जळगावची केळी आणि जळगावची भरताची वांगी या दोन्हींना ते आहे. पण त्या मानांकनाची अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झालेली नसेल, तर ते आपल्या मालाला लावू नका. नोंदणी असेल तर मात्र पानावर ठळक सांगा.

वेगाबद्दल थोडक्यात

धडगाव-अक्कलकुव्याकडे एकच काडी रेंज असताना तुमचं पान उघडतं का? गूगल साइटची मोबाइलवर दिसणारी आवृत्तीच वाचून नोंदवतं, त्यामुळे कार्यालयातल्या मोठ्या पडद्यावर साइट किती छान दिसते याला फारसं महत्त्व नाही. पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या मोफत साधनात पत्ता टाका. पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. छोट्या साइटवर दोष बहुतेक वेळा फोटोंचा असतो. फोनमधला चार-पाच एमबीचा फोटो तसाच चढवलेला असतो, तो दोनशे केबीच्या आत आणा. साइटचा पत्ता एचटीटीपीएसने, म्हणजे सुरक्षित जोडणीने, सुरू व्हायलाच हवा. त्याचं प्रमाणपत्र बहुतेक होस्टिंगवर फुकट मिळतं.

नकाशावर या

ज्यांचं गिऱ्हाईक चार-पाच मैलांतलं आहे, त्यांना वेबसाइटच्या आधी गूगल बिझनेस प्रोफाइल लागतं. सराफी, दवाखाना, क्लास, कृषी केंद्र, गॅरेज, शेवभाजीचा ढाबा हे सगळे यात आले. नकाशावरचा क्रम तीन गोष्टींवर ठरतो: शोधलेल्या गोष्टीशी तुमचा व्यवसाय किती जुळतो, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात, आणि तुमची किती ओळख आहे. अंतर तुमच्या हातात नाही, बाकीचं आहे.

व्यवसायाचा मुख्य प्रकार नेमका निवडा. "दुकान" नको, "बियाणे विक्रेता" हवा. नाव पाटीवर आहे तेवढंच लिहा, त्यात "जळगावातील नंबर वन" घुसडू नका, प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. घरून व्यवसाय करत असाल तर पत्ता लपवून फक्त सेवा देत असलेलं क्षेत्र दाखवता येतं. महिलांच्या घरगुती व्यवसायांनी ही सोय जरूर वापरावी. वेळा खऱ्या ठेवा. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५च्या घरात जातो आणि दुकानं दुपारी बंद असतात. हे नकाशावर नसेल तर उन्हातान्हात आलेला माणूस बंद शटर पाहून परत जातो आणि एक तारा देऊन मोकळा होतो.

परीक्षणं मागा, पण विकत घेऊ नका आणि त्याबदल्यात सूटही देऊ नका, गूगलला ते चालत नाही. माल पोहोचल्यावर व्हॉट्सॲपवर परीक्षणाची लिंक पाठवून "कसे लागले ते लिहा" एवढं म्हणा. वाईट परीक्षणाला भांडणाच्या सुरात उत्तर देऊ नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर जण वाचणार आहेत.

लिंक आणि "पहिला नंबर"

दुसऱ्या साइटने तुमच्या पानाची लिंक दिली तर गूगल ती शिफारस म्हणून मोजतं. म्हणून लिंक विकण्याचा धंदा आहे, आणि विकतच्या लिंक गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत. खऱ्या लिंक जवळच असतात. तुम्ही ज्या प्रदर्शनात स्टॉल लावता त्याच्या आयोजकांची साइट, तुम्हाला माल देणारा किंवा तुमचा माल ठेवणारा व्यापारी, तुम्ही जिथे विद्यार्थ्यांना उद्योग दाखवलात ते महाविद्यालय, तुमच्यावर बातमी करणारं स्थानिक दैनिक. त्यांना लिंक द्यायची विनंती करा, इतकंच.

"महिन्यात पहिल्या नंबरवर आणून देतो" असं म्हणणाऱ्याला नकार द्या. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीही देऊ शकत नाही असं खुद्द गूगलच सांगतं, आणि बदलांचा फायदा दिसायला साधारण चार महिने ते एक वर्ष धरायला सांगतं. आपल्याकडच्या हंगामी मालासाठी याचा अर्थ सरळ आहे. होळीनंतर वाळवणाचा हंगाम सुरू होतो, तर बिबड्यांचं पान दिवाळीतच तयार हवं.

ईमेल कुणासाठी?

आता ईमेलकडे वळू. गावातल्या गिऱ्हाइकासाठी व्हॉट्सॲप पुरतं, तिथे ईमेलचा हट्ट धरू नका. ईमेल कामाला येतो तो बाहेरगावच्या ग्राहकांसाठी: पुण्या-मुंबईत नोकरीला गेलेली आपली मुलं, परदेशात स्थायिक झालेली कुटुंबं, संस्था, हॉटेलं, घाऊक खरेदीदार. ही माणसं दिवसभर ईमेल उघडी ठेवून काम करतात. शिवाय पत्त्यांची यादी तुमची स्वतःची असते. एखाद्या ॲपने नियम बदलले किंवा खातं बंद केलं तरी ती तुमच्याकडे राहते.

पत्ते मिळवण्याचा मार्ग एकच, मागून घेणं. ऑर्डरच्या फॉर्मवर एक रिकामी चौकट ठेवा: "नव्या हंगामाचा माल निघाला की मला ईमेल करा." ती आधीच टिक करून ठेवू नका. प्रदर्शनात वही ठेवली तर वरच्या ओळीत हेतू स्पष्ट लिहा. पत्ता मिळाल्यावर खात्री करणारं एक ईमेल जाऊ द्या, त्यावर क्लिक केलेल्यांनाच यादीत घ्या. यादी लहान राहील, पण चुकीचे आणि खोटे पत्ते गळून पडतील. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. त्याचं सूत्रही हेच: संमती स्वेच्छेने आणि ठरावीक कामासाठी दिलेली हवी, आणि ती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. "उत्तर महाराष्ट्रातील दहा हजार व्यावसायिकांचे ईमेल" अशी सीडी किंवा फाइल विकायला कुणी आलं तर दारातूनच परत पाठवा.

पाठवण्याआधीची तांत्रिक तयारी

फुकटच्या जीमेल पत्त्यावरून शंभर लोकांना बीसीसीने (एकमेकांचे पत्ते न दाखवता) एकदम पाठवणं ही सुरुवात नव्हे. स्वतःच्या डोमेनचा पत्ता घ्या आणि ईमेल पाठवण्याची एखादी सेवा वापरा. छोट्या यादीसाठी अशा अनेक सेवांचा मोफत टप्पा पुरतो.

मग डोमेनच्या डीएनएसमध्ये तीन नोंदी करायच्या. एसपीएफ सांगतं की या डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात. डीकेआयएम प्रत्येक ईमेलला अशी सही जोडतं की वाटेत मजकूर बदलला तर कळतं, पार्सलच्या सीलसारखं. डीमार्क हे आधीच्या दोन तपासण्या फसल्या तर समोरच्याने त्या ईमेलचं काय करायचं ते सांगतं. नेमक्या ओळी ईमेल सेवाच देते, तुम्ही त्या न बदलता चिकटवायच्या. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. आधीची असेल तर दुसरी न टाकता त्याच ओळीत भर घालावी लागते, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने हे नियम कडक केले आहेत. जीमेलच्या पत्त्यांवर दिवसाला पाच हजारांहून जास्त ईमेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही नोंदी आणि एका क्लिकमध्ये अनसबस्क्राइब करण्याची, म्हणजे यादीतून बाहेर पडण्याची, सोय सक्तीची आहे. तुम्ही पन्नासच पाठवत असाल तरी तिन्ही करून ठेवा. आकडा याहून महत्त्वाचा एक आहे: तुमच्या ईमेलला स्पॅम म्हणणाऱ्यांचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली राहिलंच पाहिजे, शक्यतो ०.१च्या आत. म्हणजे हजारात तिघांनी बटण दाबलं तरी तुमची बाकीची ईमेलंही स्पॅममध्ये जाऊ शकतात. म्हणून अनसबस्क्राइबची लिंक बारीक अक्षरांत लपवू नका. जाणाऱ्याला जाऊ देणंच तुमच्या फायद्याचं आहे.

काय लिहायचं, कधी लिहायचं

पुन्हा वहीच. एका ईमेलमध्ये एका प्रश्नाचं उत्तर आणि एकच लिंक. हे पाहा:

विषय: यंदाचे बिबडे होळीनंतर, नोंदणी सुरू

नमस्कार,
यंदाची ज्वारी आली. होळी झाली की थापायला घेऊ आणि पहिली खेप गुढीपाडव्याच्या आसपास निघेल. गेल्या वर्षी अनेकांनी विचारलं होतं, म्हणून यंदा बिनलसणाचे वेगळे करतोय. किलो-अर्धा किलोचे दर आणि तुमच्या गावाचा कुरियर खर्च या पानावर आहे. किती हवेत ते याच ईमेलला उत्तर देऊन कळवलंत तरी चालेल.

यात "प्रिय ग्राहक" नाही, उद्गारचिन्हांची रांग नाही, मोठं बॅनर नाही. फक्त चित्राचं ईमेल पाठवू नका. अनेकांच्या पडद्यावर चित्र आपोआप उघडत नाही आणि समोर कोरा चौकोन येतो. विषयाच्या ओळीतले पहिले चार-पाच शब्दच मोबाइलवर दिसतात, कामाची गोष्ट तिथेच सांगा.

वेळापत्रक आपल्या पंचांगानेच ठरतं. होळी ते आखाजी (अक्षय्य तृतीया) वाळवणाचे दिवस. श्रावणात कानबाईच्या सणातल्या रोटांची तयारी. चंपाषष्ठीच्या सुमारास भरताची वांगी. मग लग्नसराई. सांगण्यासारखं असेल तेव्हाच पाठवा, महिन्याला एक पुरे. यादीत नवा माणूस आला की मात्र त्याच दिवशी स्वागताचं ईमेल आपोआप जाऊ द्या, कारण तेव्हा तो तुम्हाला विसरलेला नसतो.

आकडे वाचताना

किती जणांनी ईमेल उघडलं हा आकडा आता भरवशाचा राहिलेला नाही. ॲपलने २०२१ मध्ये आणलेल्या गोपनीयतेच्या सोयीमुळे न उघडलेलं ईमेलही उघडल्यासारखं मोजलं जातं. क्लिक, उत्तरं आणि ऑर्डर मोजा. उत्तरांत आलेले नवे प्रश्न वहीत टाका आणि तिथून पानावर. ईमेल पाठवल्याने गूगलवरचा क्रमांक वाढत नाही, पण त्याच्या उत्तरांतून पान मात्र सुधारत जातं.

महिन्यातून एकदा सर्च कन्सोल उघडा आणि आठव्या ते विसाव्या क्रमांकावर असलेले शब्द बघा. हे शब्द उंबरठ्यावर आलेले असतात. समजा "नागलीचे पापड" शोधणाऱ्यांना तुमचं उडदाच्या पापडांचं पान चौदाव्या जागी दिसतंय. म्हणजे मागणी आहे आणि तुमचं त्यासाठी पानच नाही. माल करत असाल तर स्वतंत्र पान लिहा, जुन्या पानावरून त्याला लिंक द्या. क्रमांक चांगला आहे पण क्लिक नाहीत असं असेल, तर पानाला हात न लावता आधी टायटल बदलून पाहा आणि महिनाभर थांबा. एकाच वेळी पाच बदल केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

ईमेलच्या यादीचीही वर्षातून एकदा झाडलोट करा. परत येणारे पत्ते लगेच काढा. वर्षभरात ज्यांनी एकदाही क्लिक केलं नाही त्यांना एकच ईमेल पाठवा: "यापुढे आमची ईमेलं हवीत का?" हो म्हणणारे ठेवा, बाकीचे पत्ते काढून टाका, आणि पुढच्या हंगामाचं ईमेल उरलेल्यांनाच पाठवा.